रॉस रसेल: रेकॉर्डवाला, समीक्षक, कादंबरीकार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकन जॅझवादक चार्ली पार्करच्या रेकॉर्डी ऐकणाऱ्याला रॉस रसेल हे नाव कधी ना कधी भेटतेच, आणि ते भेटले की मनात शंका उभ्या राहतात. हा माणूस पार्करचा उपकारकर्ता होता की त्याच्या जिवावर जगलेला व्यापारी, आणि त्याची कादंबरी म्हणजे साक्ष की सारवासारव, असे विचारणारी पत्रे नेहमी येतात. त्यांतले पुनःपुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. तेच ते दोनदा सांगावे लागू नये म्हणून जागोजागी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रॉस रसेल कोण होता?

रॉस रसेल (१९०९–२०००) हा कॅलिफोर्नियातला अमेरिकन लेखक, रेकॉर्डविक्रेता आणि 'डायल रेकॉर्ड्स' या छोट्या ध्वनिमुद्रिका-कंपनीचा संस्थापक होता. अल्टो सॅक्सोफोन वाजवणाऱ्या चार्ली पार्करची १९४६ आणि १९४७ या दोन वर्षांतली काही अत्यंत महत्त्वाची ध्वनिमुद्रणे त्याने केली. पुढे त्याच संगीतावर समीक्षालेख लिहिले, १९६१ मध्ये पार्करच्या आयुष्यावर बेतलेली 'द साउंड' ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि १९७३ मध्ये 'बर्ड लिव्ह्‌ज!' हे पार्करचे चरित्र लिहिले ('बर्ड' हे पार्करचे टोपणनाव). एकाच कलावंताशी आधी करार करणारा, मग त्याची समीक्षा करणारा, मग त्याला कादंबरीत घालणारा आणि शेवटी त्याचा चरित्रकार होणारा दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही. त्याच्याविषयीचे बहुतेक वाद या चार भूमिकांच्या सरमिसळीतून निघालेले आहेत.

२. 'संगीत-पत्रकार होता, मग कंपनी काढली आणि शेवटी कादंबरीकार झाला' असा क्रम सांगतात. तो बरोबर आहे का?

सोयीचा आहे, पण पुरता बरोबर नाही. रसेल तिशीच्या दशकात स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या अमेरिकन कथामासिकांसाठी रहस्यकथा लिहीत असे. म्हणजे लेखणी आधी होती आणि तीही कल्पित लेखनाची होती. दुसऱ्या महायुद्धात त्याने व्यापारी जहाजांवर रेडिओ अधिकारी म्हणून काम केले, १९४५ मध्ये दुकान काढले, १९४६ मध्ये कंपनी काढली आणि संगीतविषयक लेखमाला त्यानंतर, १९४८-४९ मध्ये लिहिली. कादंबरी ही त्याची शेवटची पायरी नव्हती. ती एका अर्थाने मूळ धंद्याकडे परतणे होते. हा क्रम ध्यानात ठेवला तर चरित्रातल्या अडचणी (प्रश्न १५) अधिक नीट कळतात.

३. रेकॉर्डच्या दुकानातून रेकॉर्ड कंपनी कशी निघाली?

हॉलिवूड बुलेव्हार्डवर रसेलचे 'टेम्पो म्यूझिक शॉप' होते. दुकान काढताना त्याची स्वतःची आवड जुन्या, न्यू ऑर्लीन्स वळणाच्या जॅझची होती आणि सुरुवातीचे गिऱ्हाईकही त्याच पंथाचे होते. जुन्या जॅझला चिकटून बसलेल्या या मंडळींना नव्या पिढीने ठेवलेले नाव मोठे झणझणीत होते: बुरसटलेली अंजिरे. हळूहळू दुकानात वेगळी पोरे येऊ लागली. न्यूयॉर्कच्या छोट्या कंपन्यांनी काढलेल्या पार्करच्या आणि ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या रेकॉर्डी ती मागत, काउंटरपाशी उभे राहून त्या पुनःपुन्हा लावून ऐकत आणि मालकाशी हुज्जत घालत. मालकाचे मतपरिवर्तन गिऱ्हाइकांनी केले, असे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

डिसेंबर १९४५ मध्ये गिलेस्पीचा वाद्यवृंद, पार्करसह, हॉलिवूडच्या 'बिली बर्ग्ज' या क्लबात आला. रसेलने तो तिथे ऐकला आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये डायलची पहिली ध्वनिमुद्रणे झाली. वाद्यवृंद न्यूयॉर्कला परतला, पार्कर मात्र लॉस एंजेलिसमध्येच मागे राहिला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्याने डायलशी वर्षभराचा करार केला. डायलची सारी पुंजी, आणि रसेलच्या पुढच्या आयुष्याचा सारा विषय, त्या एका कागदात आला होता असे म्हणायला हरकत नाही.

४. मला जॅझ फारसे कळत नाही. बीबॉप म्हणजे काय आणि त्याचा रेकॉर्ड कंपनीच्या हिशेबाशी काय संबंध?

त्याआधीचे स्विंग हे नाचण्यासाठी वाजवले जाणारे, मोठ्या वाद्यवृंदाचे संगीत होते. बीबॉप हे चार-पाच वादकांचे, बसून ऐकायचे, अनेकदा भयानक द्रुत लयीतले आणि स्वरसंघातांच्या (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांच्या, इंग्रजीत 'कॉर्ड') आडवाटांनी जाणारे संगीत होते. वादक एखाद्या लोकप्रिय गाण्याचा स्वरसंघातांचा सांगाडा घेत, त्याची मूळ चाल टाकून देत आणि नवी, वाकडीतिकडी चाल बसवत. त्यानंतर प्रत्येकजण त्या सांगाड्यावर आयत्या वेळी सुचेल ते वाजवी.

हिशेबाचा संबंध इथे येतो. स्वामित्वहक्क चालीला मिळतो, सांगाड्याला मिळत नाही. 'हाउ हाय द मून' हे गाणे तसेच वाजवले तर त्याच्या प्रकाशकाला पैसे द्यावे लागत, पण त्याच सांगाड्यावर 'ऑर्निथॉलॉजी' ही नवी चाल बसवली की ती नवी रचना ठरे. डायलसारख्या तुटपुंज्या भांडवलाच्या कंपनीला हे फार सोयीचे होते. कलेतली एक क्रांती आणि खर्चातली एक बचत इतकी हातात हात घालून क्वचितच चालली असेल.

५. एकाच गाण्याचे तीन-चार 'टेक' प्रसिद्ध करण्यात काय अर्थ आहे?

१९४६ मध्ये ध्वनिमुद्रण थेट तबकडीवर कोरले जाई. टेप अजून स्टुडिओत रुळली नव्हती, त्यामुळे कापून जोडणे शक्य नव्हते. दहा इंची, ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून वाजवायचे, दुसरा उपाय नाही. अशा प्रत्येक पूर्ण प्रयत्नाला 'टेक' म्हणत. (अब्दुल करीम खाँसाहेबांची तीन मिनिटांतली ठुमरी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना या कोंडीतून काय निघू शकते हे वेगळे सांगायला नको.)

बहुतेक कंपन्या पसंत पडलेला टेक ठेवत आणि उरलेले विसरून जात. रसेलने ते जपले आणि पुढे प्रसिद्धही केले, कारण पार्कर एकच सांगाडा घेऊन प्रत्येक वेळी वेगळे वाजवतो हे त्याच्या ध्यानात आले होते. २८ मार्च १९४६ रोजी 'अ नाइट इन ट्युनिशिया' वाजवताना पहिल्या टेकमध्ये पार्करने सारी साथ थांबलेली असताना चार मात्राखंडांचा एक अफाट तुकडा एकट्याने घेतला. बाकीच्यांना त्यातून पुन्हा ठेक्यावर येणे जमेना, म्हणून टेक बाद झाला. रसेलने तेवढाच तुकडा जपून ठेवला आणि नंतर तो 'फेमस ऑल्टो ब्रेक' या नावाने बाहेर आला. पुरे गाणे नसलेली, निव्वळ काही सेकंदांची वस्तू म्हणून ती विकली गेली. संग्राहकाची नजर, व्यापाऱ्याची नजर आणि समीक्षकाची नजर त्या काही सेकंदांत वेगळ्या काढता येत नाहीत.

त्याच दिवशी 'मूस द मूच', 'यार्डबर्ड सूट' आणि 'ऑर्निथॉलॉजी' ही ध्वनिमुद्रणेही झाली. ट्रम्पेटवर माइल्स डेव्हिस होता आणि त्याची विशीदेखील पुरी झाली नव्हती.

६. 'मूस द मूच' हे कसले नाव?

लॉस एंजेलिसमध्ये पार्करला हेरॉइन पुरवणाऱ्या माणसाचे ते टोपणनाव होते. बूटपॉलिशचे दुकान हा त्याचा दिखाऊ व्यवसाय होता. पार्करने आपल्या रचनेला त्याचे नाव दिलेच, शिवाय डायलकडून मिळणाऱ्या रॉयल्टीचा अर्धा हिस्सा त्याला लिहूनही दिला. काही काळाने तो पकडला गेला आणि सॅन क्वेंटिनच्या तुरुंगातून त्याने रसेलला पत्र पाठवून आपल्या हिश्शाची चौकशी केली. संगीताच्या इतिहासात कलावंताच्या मानधनावर हक्क सांगणारे पुष्कळ भेटतात, पण इतक्या रीतसर कागदपत्रांनिशी तो सांगणारा हा एकच असावा. त्याच्या अटकेचे परिणाम पुढच्या उत्तरात येतील.

७. २९ जुलै १९४६ च्या रात्री नेमके काय घडले?

पुरवठादार तुरुंगात गेल्यावर पार्करला हेरॉइन मिळेनासे झाले आणि त्याने ती उणीव दारूने भरून काढायला सुरुवात केली. अशा अवस्थेत तो हॉलिवूडमधल्या सी. पी. मॅकग्रेगर स्टुडिओत आला. ट्रम्पेटवर हॉवर्ड मॅकगी, पियानोवर जिमी बन, बासवर बॉब केस्टरसन आणि ड्रमवर रॉय पोर्टर होते. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. रिचर्ड फ्रीमन हजर होता. त्याने पार्करला फेनोबार्बिटाल या गुंगी आणणाऱ्या औषधाच्या गोळ्या दिल्या.

पहिले 'मॅक्स इज मेकिंग वॅक्स' द्रुत लयीतले होते आणि ते कसेबसे पार पडले. मग 'लव्हर मॅन' आले. रेकॉर्ड आज ऐकली तरी काय चालले होते ते कानाला कळते. पियानोची सुरुवातीची फेरी संपते, सॅक्सोफोन यायला हवा त्या जागी येत नाही, जिमी बन तेवढी पोकळी भरत राहतो, आणि मग पार्कर उशिरा, एखाद्याला झोपेतून उठवून उभे केल्यासारखा आत शिरतो. स्वर मायक्रोफोनजवळ येतो आणि पुन्हा लांब जातो, कारण वाजवणारा माणूस एका जागी स्थिर उभा नाही. वाक्ये अर्धवट सुटतात. तरीही दोन सुटलेल्या वाक्यांच्या मध्ये जे येते ते ऐकताना अंगावर काटा येतो, हेही खरे आहे. त्यानंतर 'द जिप्सी' आणि 'बीबॉप' (याच नावाची एक रचना) वाजवून घेतले गेले. 'द जिप्सी'मध्ये तर तो चालीपलीकडे जातच नाही.

त्या रात्री पार्करला त्याच्या हॉटेलवर पोहोचवण्यात आले. तो अंगावर कपडे नसताना खाली दर्शनी दालनात आला, पुढे त्याच्या खोलीत आग लागली आणि त्याला अटक झाली. शिक्षेऐवजी त्याला लॉस एंजेलिसच्या वायव्येला असलेल्या कामारिलो येथील सरकारी मनोरुग्णालयात ठेवण्यात आले आणि तिथे तो सुमारे सहा महिने राहिला.

८. मग ती रेकॉर्ड रसेलने बाजारात का आणली?

भांडवल अडकले होते, हे सर्वांत साधे उत्तर आहे. कंपनीचा मुख्य कलावंत रुग्णालयात, नवे ध्वनिमुद्रण होण्याची शक्यता नाही आणि हातात चार बाजू तयार, अशी स्थिती होती. रसेलने 'लव्हर मॅन' आणि 'बीबॉप' एकाच रेकॉर्डच्या दोन बाजूंवर काढले. आपल्याला न विचारता ते प्रसिद्ध केले याचा पार्करला कायमचा राग राहिला.

या निर्णयाचे समर्थन करणारे दोन मुद्दे नेहमी पुढे येतात. बासवादक चार्ल्स मिंगससारख्या जाणकाराला ती रेकॉर्ड पार्करच्या उत्तम कामांपैकी वाटे, हा पहिला मुद्दा. ती दाबून ठेवली असती तर आपण एका दस्तऐवजाला मुकलो असतो, हा दुसरा. दोन्ही खरे आहेत, पण माझ्या मते दोन्ही गैरलागू आहेत. ज्याचा श्वास त्यात अडकला आहे तो 'नको' म्हणत होता आणि विकणाऱ्याला ते ठाऊक होते. पुढे त्यातून आपल्याला काय मिळाले, यावरून त्या दिवशीचा व्यवहार बरा ठरत नाही.

९. रुग्णालयातून सोडवण्याच्या बदल्यात रसेलने करार लिहून घेतला, ही अफवा आहे का?

अफवा नाही, पण तिच्या दोन बाजू आहेत. पार्कर परराज्यातला असल्यामुळे कोणा स्थानिक रहिवाशाने त्याची जबाबदारी घेणे आवश्यक होते. रसेलने ती घेतली आणि त्याच सुमारास डायलच्या कराराचे नूतनीकरणही झाले. पार्करच्या लेखी ही सही म्हणजे सुटकेची किंमत होती. रसेलच्या लेखी तो आधीपासून चालू असलेल्या व्यवहाराचा पुढचा टप्पा होता. बंद दारामागे बसलेल्या माणसापुढे कागद ठेवला तर त्या सहीला स्वखुशी म्हणता येत नाही, एवढे मात्र रसेलच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवे.

फेब्रुवारी १९४७ मध्ये, सुटकेनंतर महिनाभरात, पार्करने डायलसाठी पुन्हा वाजवले. त्यातल्या एका रचनेचे नाव 'रिलॅक्सिन अॅट कामारिलो' आहे. चाल बारा मात्राखंडांच्या ब्लूजची, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या जुन्या गीतप्रकाराची, पण इतकी वळणावळणाची की सोबतच्या मुरलेल्या वादकांनाही ती बसवायला कष्ट पडले.

१०. डायलचे पुढे काय झाले?

१९४७ मध्ये कंपनी न्यूयॉर्कला गेली. तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पार्कर, माइल्स डेव्हिस, ड्यूक जॉर्डन, टॉमी पॉटर आणि मॅक्स रोच यांची जी ध्वनिमुद्रणे झाली, ती डायलच्या यादीतली सर्वांत घोटीव आहेत. 'एम्ब्रेसेबल यू'च्या पहिल्या टेकमध्ये पार्कर मूळ रचनाकार जॉर्ज गर्श्विनची चाल जवळजवळ उच्चारतच नाही. तरी ऐकणाऱ्याला कोणते गाणे चालले आहे ते कळते. १ जानेवारी १९४८ पासून वादकसंघटनेने ध्वनिमुद्रणावर बंदी घातली, म्हणून वर्षअखेरची ती घाई होती. पार्कर वगळता डेक्स्टर गॉर्डन आणि वॉर्डेल ग्रे या दोन टेनर सॅक्सोफोनवादकांची 'द चेस' ही जुगलबंदी, रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंवर पसरलेली, चांगली खपली.

त्यानंतर रसेलने अनपेक्षित वळण घेतले आणि शोनबर्ग, बार्टोक, वेबर्न यांसारख्या आधुनिक पाश्चात्त्य रचनाकारांचे संगीत दीर्घ तबकड्यांवर काढले. ते खपण्यासारखे नव्हतेच. पन्नाशीच्या दशकाच्या पूर्वार्धात कंपनीचा कारभार आटोपला. सत्तरीच्या दशकात इंग्लंडच्या 'स्पॉटलाइट' या कंपनीने पार्करची डायलवरली ध्वनिमुद्रणे सर्व टेकसह, क्रमवार पुन्हा काढली आणि आजच्या श्रोत्यांची या संगीताशी ओळख मुख्यतः त्या संचामुळे टिकली.

११. त्याची समीक्षा वाचण्याजोगी आहे का, की आपल्याच मालाची जाहिरात?

वाचण्याजोगी आहे. 'द रेकॉर्ड चेंजर' हे जुन्या जॅझच्या संग्राहकांचे मासिक होते, म्हणजे बीबॉपच्या शत्रूंच्याच घरात जाऊन रसेलने ही लेखमाला लिहिली. त्याचा मुख्य मुद्दा असा की बीबॉप ही परंपरेशी फारकत नाही, ती कॅन्सस सिटीच्या ब्लूज-प्रधान वादनातून, टेनर सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगच्या वाटेने आलेली आहे. आज हे सर्वमान्य वाटते, तेव्हा ते मांडावे लागत होते. जॅझ समीक्षक मार्टिन विल्यम्सने १९५९ मध्ये संपादित केलेल्या जॅझविषयक निबंधसंग्रहात त्या लेखांना स्थान मिळाले, यावरून त्यांचे वजन लक्षात यावे. हाच धागा पुढे १९७१ च्या, कॅलिफोर्निया विद्यापीठाने छापलेल्या कॅन्सस सिटीच्या जॅझशैलीवरील ग्रंथात विस्ताराने आला आणि माझ्या मते रसेलचे सर्वांत भरवशाचे पुस्तक तेच आहे.

स्वार्थ होताच. ज्या संगीतावर तो लिहीत होता त्याच्या रेकॉर्डी त्याच्याच गोदामात होत्या. पण रेकॉर्ड विकायची म्हणून कोणी लेस्टर यंगचा वाक्यविन्यास उलगडून दाखवत नाही.

१२. 'द साउंड' ही कादंबरी कशाविषयी आहे?

न्यूयॉर्कच्या ड्युटन या प्रकाशनाने १९६१ मध्ये ती काढली. मध्यवर्ती पात्र रेड ट्रॅव्हर्स हा कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादक आहे. तो नव्या संगीताचा म्होरक्या आहे, अमली पदार्थांच्या आहारी गेलेला आहे आणि त्याच्याभोवती भक्तांचा व फायदा उठवणाऱ्यांचा घोळका आहे. त्याच्याकडे पाहणारा डोळा बर्नी रिच या गौरवर्णीय पियानोवादकाचा आहे.

नावापासूनच सुरुवात करू. इंग्रजीत त्या शब्दाचा साधा अर्थ 'आवाज', पण वादकांच्या बोलीत 'साउंड' म्हणजे एखाद्याचा स्वतःचा, दुसऱ्या कोणाचा असू न शकणारा स्वर. आपल्याकडे 'सूर लागणे' म्हणतात त्याच्या ते जवळ जाते, फक्त इथे सूर लागून भागत नाही, तो कायमचा आपला व्हावा लागतो. कादंबरीचा खरा विषय हाच आहे: एका माणसाचा सूर दुसऱ्याला मिळवता येतो का? बर्नीला तो हवा आहे. त्याच्या निर्मात्यालाही हवा होता आणि त्याने तर तो तबकडीवर कोरून विकलाही होता.

पुस्तक सरस कुठे आहे? वादकांच्या रोजच्या आयुष्यातले व्यवहार, तालमी, लांबचे प्रवास, पैशांची ओढाताण हे जिथे येते तिथे लिहिणारा ते पाहिलेला माणूस आहे हे जाणवते. कच्चे कुठे आहे? बोलीच्या अतिरेकात. १९४० च्या दशकातली वादकांची भाषा वापरण्याच्या हौसेपायी संवाद जागोजागी नाटकी होतात. शिवाय रेडच्या मनात आपल्याला शिरायला मिळत नाही. तो सतत दुसऱ्याच्या नजरेतून दिसतो आणि त्यामुळे 'भव्य पण अनाकलनीय' या ठरीव साच्यात अडकतो. काळ्या कलावंताला गोऱ्या साक्षीदारामार्फत पाहण्याची ही पद्धत त्या काळात रूढ होती. रसेलपुरते बोलायचे तर ती निदान प्रामाणिक होती, कारण खऱ्या आयुष्यातही तो बाहेर, काचेपलीकडेच उभा होता.

१३. पार्कर सॅक्सोफोन वाजवायचा, मग रेड ट्रॅव्हर्सच्या हाती ट्रम्पेट का?

पात्र आणि मूळ व्यक्ती यांत कायद्याला आणि नातेवाइकांना दाखवता येईल इतके अंतर ठेवण्याची ही रूढ युक्ती आहे आणि तेच कारण असण्याचा संभव अधिक. पण त्यातून एक घोटाळा झाला. पार्करचे वादन त्याच्या वाद्यापासून वेगळे काढता येत नाही. अल्टोचा तो कडक, कंप फार नसलेला, बोलण्याच्या वेगाने पळणारा स्वर ट्रम्पेटवर तसा उतरत नाही. ज्या कादंबरीचे नावच 'स्वर' आहे तिच्यात नायकाचे वाद्य बदलले आहे, हा विरोधाभास लेखकाला दिसला असेलच.

१४. त्या जुलैच्या रात्रीवर इतर कोणी लिहिले आहे का?

हो, आणि रसेलच्या आधी. ध्वनिमुद्रणाला 'बिलबोर्ड' साप्ताहिकाचा बातमीदार एलियट ग्रेनार्ड हजर होता. त्याची 'स्पॅरोज लास्ट जंप' ही कथा 'हार्पर्स' मासिकात मे १९४७ मध्ये आली, म्हणजे पार्कर रुग्णालयातून सुटून जेमतेम तीन-चार महिने झाले होते. 'बर्ड' या टोपणनावाच्या माणसाला ग्रेनार्डने चिमणी केले. त्या स्टुडिओत हजर असलेल्यांपैकी दोघांनी त्या रात्रीची कथा केली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१९५९ मध्ये अर्जेंटिनाचा लेखक हुलिओ कोर्तासार याची 'एल पेर्सेगिदोर' म्हणजे 'पाठलाग करणारा' ही दीर्घकथा प्रसिद्ध झाली. ती पॅरिसमध्ये घडते आणि पार्करच्या स्मृतीला अर्पण केलेली आहे. तिचा निवेदक आहे सॅक्सोफोनवादकाचे चरित्र लिहिणारा जॅझ समीक्षक. वादकाला आपले एक बिघडलेले ध्वनिमुद्रण नष्ट व्हायला हवे असते आणि समीक्षकाला ते अमूल्य वाटते. रसेलने आपले चरित्र लिहिण्याच्या चौदा वर्षे आधी दुसऱ्या खंडातला एक लेखक चरित्रकाराचीच झाडाझडती घेऊन बसला होता. 'द साउंड'च्याच वर्षी, १९६१ मध्ये, कृष्णवर्णीय कादंबरीकार जॉन ए. विल्यम्सची 'नाइट साँग' आली. तिच्यातला वादक 'ईगल' या नावाने वावरतो आणि त्याच्या हाती सॅक्सोफोनच आहे. ही तीन पुस्तके शेजारी ठेवून वाचली तर रसेलची कादंबरी वाङ्मय म्हणून तिसरी येते, हे मला मान्य करावे लागते.

१५. 'बर्ड लिव्ह्‌ज!' हे चरित्र विश्वासार्ह आहे का?

वाचनीय आहे, आणि नेमकी तीच अडचण आहे. प्रसंग दृश्यांसारखे रंगवलेले आहेत, ज्या खोल्यांत लेखक नव्हता तिथले संवाद अवतरणचिन्हांत आहेत, आणि ठाऊक असलेले कुठे संपते व रचलेले कुठे सुरू होते याच्या खुणा नाहीत. रहस्यकथा लिहिलेला हात (प्रश्न २) इथे मोकळा सुटला आहे.

एक उदाहरण पुरेसे आहे. डीन बेनेडेटी हा तरुण सॅक्सोफोनवादक पार्करच्या मैफलींत उपकरण घेऊन बसे आणि फक्त पार्करचे वादन टिपून घेई. बाकीचे वाजवू लागले की यंत्र बंद. रसेलने त्याला तारेवर ध्वनिमुद्रण करणाऱ्या यंत्रासह पार्करमागे गावोगाव हिंडणारा वेडा भक्त म्हणून रंगवले आणि ती प्रतिमा इतकी पक्की बसली की लोक हरवलेल्या तारांचा शोध घेत राहिले. १९९० मध्ये 'मोझेइक' कंपनीने बेनेडेटीचा संग्रह प्रसिद्ध केला तेव्हा असे दिसले की त्यात तार नव्हतीच. त्याने तबकड्यांवर आणि कागदी टेपवर टिपले होते. म्हणजे बेनेडेटी खरा, त्याचे वेड खरे, पण हातातली वस्तू रचलेली.

म्हणून माझी शिफारस उलटी आहे. कादंबरी साक्ष म्हणून वाचावी, कारण तिथे नावे बदलली असल्याने लेखकाला स्वतःविषयी खरे सांगायला मोकळीक होती. चरित्र मात्र कादंबरी म्हणून वाचावे. डायलच्या अंतर्गत व्यवहारांविषयी, करारांविषयी आणि ध्वनिमुद्रणांच्या तपशिलांविषयी तो स्वतः हजर होता, तेवढ्या भागाला अधिक वजन द्यावे. रसेलची कागदपत्रे टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये असल्यामुळे अभ्यासकाला त्याचा ताळा घेता येतो.

१६. वादकांचे त्याच्याविषयी काय मत होते?

माइल्स डेव्हिसने १९८९ च्या आत्मचरित्रात त्याची संभावना, मराठीत सांगायचे तर, पार्करला चिकटलेली जळू अशी केली आहे. माइल्सची जीभ सर्वांवरच चालत असे, हे खरे, पण या बाबतीत तो २८ मार्चच्या ध्वनिमुद्रणाला स्टुडिओत असलेला माणूस आहे (प्रश्न ५). दुसरीकडे, त्या काळी छोट्या कंपन्यांचे मालक वादकांना एकरकमी पैसे देऊन रचनांचे हक्क स्वतःच्या नावावर करून घेत, आणि त्यांच्या तुलनेत रसेल कागद नीट ठेवणारा, संगीत कळणारा मालक होता. दोन्ही विधाने एकाच माणसाविषयी खरी असू शकतात.

१७. क्लिंट ईस्टवूडचा 'बर्ड' हा चित्रपट रसेलच्या पुस्तकावर आधारलेला आहे का?

नाही. १९८८ च्या त्या चित्रपटाचा मुख्य आधार पार्करची सहचारिणी चॅन हिच्या आठवणी हा आहे.

१८. आधी वाचावे की ऐकावे?

आधी ऐकावे. २८ मार्च १९४६ ची चार गाणी, मग 'रिलॅक्सिन अॅट कामारिलो', मग न्यूयॉर्कची 'एम्ब्रेसेबल यू', टेकमागून टेक. त्यानंतर 'द रेकॉर्ड चेंजर'मधले लेख, मग कोर्तासार, आणि मग 'द साउंड'. चरित्र शेवटी.

१९. पार्करला नको असलेली 'लव्हर मॅन' आपण ऐकणे योग्य आहे का?

हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांनी ती ऐकलेली असते, आणि मीही ती ऐकतो. विक्रीविषयीचे माझे मत आठव्या उत्तरात दिले आहे. श्रोत्याने निदान एवढे करावे की ती 'वेदनेतून जन्मलेली कला' म्हणून मिरवू नये, कारण त्या खोलीत कला घडवण्यापेक्षा उभे राहणे अवघड झाले होते. दुसरे असे की पार्करचे उत्तरही ऐकावे. ऑगस्ट १९५१ मध्ये त्याने तेच गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले. तेव्हा त्याच्या आयुष्याची चारही वर्षे उरली नव्हती. १२ मार्च १९५५ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी तो गेला. ही दुसरी 'लव्हर मॅन' रेकॉर्डनिर्माता नॉर्मन ग्रँझसाठी वाजवलेली आहे आणि तिच्याशी डायलचा काही संबंध नाही.